सेलम : चेटकिणींचे आणि मिऱ्यांचे

सेलम म्हटले की आपल्याला आठवते ते तामिळनाडूतले. आंब्यांचे आणि पोलादाच्या कारखान्याचे. हे सेलम ते नव्हे. हे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात, बोस्टनपासून आगगाडीने अर्ध्या तासावर, समुद्राच्या काठी वसले आहे. दोन्ही नावांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. या सेलमचे नाव हिब्रू भाषेतल्या ‘शालोम’वरून आले. शालोम म्हणजे शांती. ज्या गावाने चार महिन्यांच्या आत एकोणीस माणसांना फासावर चढवले, त्याच्या नावाचा अर्थ शांती असावा, ही नियतीची थट्टाच म्हणायची.

बोस्टनला भाचीकडे मुक्काम होता. “मावशी, तिथे चेटकिणींशिवाय काही नाही,” असे तिने आधीच बजावले होते. “एक काळी टोपी विकत घ्यायची, कॉफी प्यायची आणि परतीची गाडी पकडायची.” स्टेशनातून बाहेर पडून दहा मिनिटे चालले आणि तिचे म्हणणे पटू लागले. दुकानांच्या काचांत केरसुण्या, खिडक्यांत काळी मांजरे, फलकांवर निमुळत्या टोप्या. गावच्या पोलिसांच्या बिल्ल्यावर केरसुणीवर बसलेली चेटकीण आहे. शाळेचा फुटबॉलचा संघही ‘चेटकिणी’ या नावानेच खेळतो. चौकात एका जुन्या दूरदर्शन मालिकेतल्या हसऱ्या चेटकिणीचा ब्राँझचा पुतळा आहे. तो 2005 साली बसवला. पोरेसोरे त्याच्या गळ्यात हात घालून छायाचित्रे काढत होती. सप्टेंबर संपत आला होता. ऑक्टोबरात इथे अशी जत्रा भरते की गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. अलीकडे त्या एका महिन्यात दहा लाखांवर माणूस येऊन जातो.

पण भाची अर्धेच खरे बोलली होती. या गावात आणखीही काही आहे, आणि त्यातले थोडे तर थेट आपल्या मुंबईला येऊन भिडते.

सुरुवात मासेमारीपासून झाली. उत्तरेला केप ॲनच्या खडकाळ टोकावर काही इंग्रजांनी वसाहत करून पाहिली. ती साधली नाही. तेव्हा रॉजर कोनंट हा त्यांचा पुढारी 1626 साली उरलेल्या मंडळींना घेऊन या आडोशाच्या बंदरात आला. जागेचे मूळ नाव नॉमकीग. तिथले मूळ रहिवासी मक्याची शेती आणि मासेमारी करून राहत. दहाएक वर्षांपूर्वीच युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीने या किनाऱ्यावरची गावेच्या गावे ओस पडली होती. इंग्रजांना जमीन मोकळी दिसली ती त्यामुळे. ही ईश्वराची योजना, असा अर्थ मात्र त्यांनी सोयीस्करपणे लावला. मागोमाग प्युरिटन आले. इंग्लंडच्या राजाच्या चर्चमधला थाटमाट त्यांना खपत नव्हता. त्यांनी 1629 साली गावाचे नाव बदलून सेलम केले.

आमच्या शाळेच्या पुस्तकात एक वाक्य होते : हे लोक धर्मस्वातंत्र्यासाठी अमेरिकेत गेले. वाक्य खोटे नाही. फक्त त्यातले स्वातंत्र्य त्यांचे स्वतःपुरते होते. याच गावचा एक धर्मोपदेशक रॉजर विल्यम्स. माणसाच्या श्रद्धेत सरकारने हात घालू नये, आणि इथली जमीन इंग्लंडच्या राजाची नव्हेच, तेव्हा ती मूळ मालकांकडून रीतसर विकत घ्यायला हवी, असे तो उघड बोलू लागला. त्याला 1635 साली हद्दपारीची शिक्षा झाली. ऐन हिवाळ्यात बर्फ तुडवत तो दक्षिणेकडे निघून गेला, इंडियनांच्या आश्रयाने तगला, आणि 1636 साली त्याने प्रॉव्हिडन्स हे गाव वसवले. पुढे अमेरिकेच्या घटनेत जे तत्त्व मानाने जाऊन बसले, ते सेलमने आधी असे घराबाहेर काढले होते.

आता 1692 सालाकडे वळू. तो सगळा प्रकार आजच्या सेलममध्ये सुरू झाला नाही. पाचएक मैल आत ‘सेलम व्हिलेज’ नावाची शेतकऱ्यांची वस्ती होती, तिथे झाला. तिला आज डॅनव्हर्स म्हणतात. डॅनव्हर्सने नाव बदलून सुटका करून घेतली. बदनामी आणि नंतर तिच्यावरची कमाई, दोन्ही सेलमच्या वाट्याला आली.

वस्तीचा पाद्री सॅम्युएल पॅरिस. त्याची नऊ वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांची पुतणी हिवाळ्यात अचानक आचके देऊ लागल्या, किंचाळू लागल्या. वैद्याला काही सापडेना, तेव्हा करणी ठरली. मुलींनी तीन नावे घेतली : पॅरिसची गुलाम टिटुबा, भिक्षेवर जगणारी सारा गुड, आणि चर्चला न जाणारी आजारी सारा ऑसबोर्न. तिघींतली एकही अशी नव्हती की जिची बाजू घ्यायला कोणी पुढे येईल. काळ वाईट होता. उत्तरेच्या सीमेवर फ्रेंच आणि इंडियनांशी लढाई चालू होती, घरेदारे जळालेले निर्वासित किनाऱ्याकडे येत होते. वसाहतीची सनद रद्द होऊन नवी यायची होती. आणि गावात जमिनीचे, सरहद्दीचे, पाद्रीच्या पगाराचे जुने तंटे होतेच. अलीकडे कोणी म्हणतात, राय या धान्याला लागलेल्या बुरशीने मुलींना भ्रम झाला. मला हे पटत नाही. बुरशीने आचके येतील. पण शेजाऱ्याशी असलेल्या बांधाच्या भांडणानुसार नावे सुचतील कशी?

आरोप पसरत गेले; दीडशेहून जास्त लोक तुरुंगात पडले. पुरावा कसला? ‘हिचे भूत माझ्या खोलीत आले आणि मला चिमटे काढून गेले,’ असे फिर्यादी मुलगी सांगे. ते भूत फक्त तिलाच दिसे. न्यायाधीश शिकलेले होते, सभ्य होते, आणि त्यांनी हा पुरावा मान्य केला. त्याहून भयंकर गोष्ट पुढेच आहे. ज्यांनी गुन्हा कबूल केला आणि कबुली मागे घेतली नाही, त्यांच्यापैकी एकालाही फाशी झाली नाही. टिटुबाने कबुली दिली, ती वाचली. पन्नासांवर लोकांनी कबुली दिली. फासावर गेले ते सगळे, ‘मी असे काही केलेले नाही’ म्हणणारे. एक खोटे बोलले असते तर सुटले असते. पण खोटे बोलून आत्मा गमवायचा नाही, ही शिकवण त्याच प्युरिटन पंथाची होती, आणि ती या शेतकरी बायाबापड्यांनी न्यायाधीशांपेक्षा जास्त मनावर घेतली होती.

रिबेका नर्स एकाहत्तर वर्षांची. नातवंडांनी भरलेले घर, गावात मान. एकोणचाळीस शेजाऱ्यांनी तिच्यासाठी अर्जावर सह्या केल्या, आणि त्या दिवसांत अशी सही करणे म्हणजे स्वतःची मान पुढे करणे होते. ज्यूरीने तिला निर्दोष ठरवले. कोर्टात गिल्ला झाला. न्यायाधीशांनी ज्यूरीला फेरविचार करायला सांगितले. तिने पूर्वी काढलेल्या एका उद्गाराचा अर्थ ज्यूरीने तिलाच विचारला. म्हातारीला कमी ऐकू येई. ती गप्प राहिली. ते मौन म्हणजे कबुली, असे ठरले. 19 जुलैला तिला फाशी झाली. त्याच दिवशी सारा गुडलाही दिली. सारेची चारपाच वर्षांची पोर डोरोथी हीसुद्धा चेटकीण म्हणून साखळीला बांधलेली होती, सातआठ महिने. पुढे तिच्या बापाने सरकारला अर्ज केला त्यात लिहिले आहे की मुलगी त्यानंतर कधी शहाणी झालीच नाही.

जाइल्स कोरी नावाच्या ऐंशीच्या घरातल्या शेतकऱ्याने तर कोर्टाला ‘दोषी’ही म्हटले नाही आणि ‘निर्दोष’ही नाही. कायद्याप्रमाणे उत्तराशिवाय खटला उभा राहीना. त्याला जमिनीवर निजवून अंगावर फळी ठेवली आणि फळीवर दगड रचत गेले. सप्टेंबरच्या 19 तारखेला तो मेला. तोंडून हो नाही, ना नाही. तीन दिवसांनी त्याची बायको मार्था फासावर गेली. ऑक्टोबरात गव्हर्नर विल्यम फिप्सने ते कोर्ट मोडले. तोवर कुजबुज खुद्द गव्हर्नरसाहेबांच्या बायकोपर्यंत पोचली होती, हे सांगितले म्हणजे त्यांना जाग कशी आली ते कळेल.

हे ऐकून आपण फार नाक वर करू नये. डाकीण ठरवून एखाद्या बाईला मारल्याची बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत अजूनही येते.

पश्चात्तापाचा हिशेबही या लोकांनी ठेवला आहे. न्यायाधीशांपैकी एक, सॅम्युएल स्यूअल, 1697 साली बोस्टनच्या चर्चमध्ये सगळ्यांसमक्ष उभा राहिला आणि त्याचा कबुलीजबाब पाद्रीने वाचून दाखवला. ॲन पुटनम ही फिर्यादी मुलींतली एक. तिने 1706 साली माफी मागितली. 1711 साली सरकारने एकूण 578 पौंड 12 शिलिंग भरपाई वाटली. पण नावे निर्दोष ठरवण्याचे काम रेंगाळत 1957पर्यंत आले, पुढे 2001पर्यंत. शेवटचे नाव एलिझाबेथ जॉन्सन या बाईचे. खटल्याच्या वेळी ती बावीस वर्षांची होती. शिक्षा झाली, पण ती फाशीतून वाचली. तिने लग्न केले नाही, मूलबाळ नाही. म्हणून तिच्यासाठी अर्ज करणारे कोणी उरले नाही. जवळच्याच एका शाळेतल्या आठवीच्या मुलांनी आपल्या शिक्षिकेबरोबर हे काम हातात घेतले, आमदारांच्या मागे लागली, आणि 2022 साली तिच्यावरचा ठपका कायद्याने पुसला गेला. तीनशे एकोणतीस वर्षांनी!

फाशी कुठे दिली ती जागाही लोक विसरले होते. ती 2016 साली नक्की झाली. प्रॉक्टर्स लेज म्हणतात तो एक छोटा खडकाळ उंचवटा आहे, औषधाच्या एका मोठ्या दुकानाच्या मागे, लोकांच्या परसदारांना लागून. अर्धवर्तुळाकार दगडी भिंतीत एकोणीस नावे आणि प्रत्येकाची तारीख कोरली आहे. मी तिथे अर्धा तास होते. तेवढ्यात फक्त एक जोडपे आले, आणि तेही वाट चुकून. टोप्यांच्या दुकानापुढची रांग मात्र वळून दुसऱ्या गल्लीत गेली होती.

तिथून समुद्राकडे चालत गेले की दुसरे सेलम लागते. डर्बीचा धक्का जवळजवळ अर्धा मैल पाण्यात गेला आहे. आज त्यावर गवत आहे आणि टोकाला एक बुटके दीपगृह. एके काळी यावर वखारींची रांग होती, आणि त्या वखारींत मिरी, कॉफी, चहा, साखर, बंगालचे आणि मद्रासचे कापड भरलेले असे.

इथला पहिला पैसा खारवलेल्या कॉड माशाचा. चांगला मासा युरोपला जाई. वाईट, तुटका मासा वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांवर, गुलामांना खाऊ घालायला. त्याच्या बदल्यात काकवी येई. ही गुलामगिरी काही लांबची गोष्ट नव्हती. 1637 साली लढाईत पकडलेले पीक्वॉट इंडियन विकण्यासाठी ‘डिझायर’ नावाचे जहाज सेलमहून वेस्ट इंडीजला गेले. पुढच्या वर्षी परत आले ते कापूस, तंबाखू आणि आफ्रिकी गुलाम घेऊन. धक्क्यावरचे सुंदर विटांचे वाडे बघताना हे ध्यानात ठेवावे लागते.

स्वातंत्र्ययुद्धात सेलमच्या व्यापाऱ्यांनी आपल्या जहाजांवर तोफा चढवल्या आणि सरकारी परवान्याने इंग्रजांची जहाजे लुटली. सभ्य भाषेत याला ‘प्रायव्हेटीअरिंग’ म्हणतात. 1783 साली तह झाला आणि एकाएकी अडचण उभी राहिली : इंग्रजांच्या वेस्ट इंडीजमधली बंदरे आता या परक्यांना बंद. स्वातंत्र्य मिळाले आणि बाजार गेला. मग ही वेगवान जहाजे करायची काय? एलियस हॅस्केट डर्बी याने ती पूर्वेला धाडली. स्वतः तो कधी खलाशी म्हणून समुद्रावर गेला नाही म्हणतात. पण त्याचे ‘ग्रँड टर्क’ 1786 साली कॅन्टनला पोचले, आणि 1788 साली त्याच्या ‘अटलांटिक’ने सुरत, मुंबई आणि कलकत्ता ही बंदरे घेतली. 1790च्या शिरगणतीत सेलमची वस्ती आठ हजारांच्याही आतली होती. तरी ते देशातल्या पहिल्या दहा शहरांत होते. गावाच्या मुद्रेवर आजही लॅटिन ब्रीद आहे. त्याचा अर्थ, श्रीमंत पूर्वेच्या शेवटच्या बंदरापर्यंत.

मिऱ्यांची कथा तर किराणा मालाच्या व्यापाऱ्याने कानात सांगावी अशी. जोनाथन कार्न्स या कप्तानाला सुमात्राच्या किनाऱ्यावर रानोमाळ मिरी पिकते असा सुगावा लागला. त्याने कोणाला पत्ता लागू न देता ‘राजा’ नावाचे जहाज नेले (होय, ‘राजा’च), आणि 1797 साली पोटभर मिरी भरून आणली. नफा सातशे टक्के! दुसरे कप्तान वेडे झाले, पाठलाग करू लागले. थोड्याच वर्षांत युरोपातल्या स्वयंपाकघरांना मिरी पुरवणारे एक मोठे बंदर म्हणून या थंड गावाची ख्याती झाली, जिथे मिरीचा एक वेल जगणार नाही.

सेलमचाच कप्तान जेकब क्राउनिन्शील्ड 1796 साली कलकत्त्याहून दोन वर्षांचे हत्तीचे पिल्लू घेऊन न्यूयॉर्कला उतरला. अमेरिकेत आलेला हा पहिला हत्ती. साडेचारशे डॉलरला घेतला आणि दहा हजारांना विकला, असे सांगतात. जहाजाच्या रोजनाम्यात एका तरुण अधिकाऱ्याने ‘हत्ती जहाजावर आहे’ ही नोंद मोठ्या अक्षरांत केली. त्याचे नाव नॅथॅनिएल हॅथॉर्न. त्याचा पणजोबा म्हणजे 1692च्या खटल्यातला सर्वांत कठोर तपासनीस, न्यायाधीश जॉन हॅथॉर्न. आणि त्याचा मुलगा म्हणजे थोर कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न, ज्याने आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढवून घेतले. खापरपणजोबांपासून एका अक्षराचे तरी अंतर असावे म्हणून, असे गावात म्हणतात.

केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न ओलांडून गेलेल्या कप्तानांनी आणि व्यापारी कारभाऱ्यांनी 1799 साली एक मंडळ काढले. सभासदाने परदेशातून काही ना काही आणून जमा करायचे, असा रिवाज. त्यातूनच आजचे पीबडी एसेक्स संग्रहालय वाढले. मंडळाची मिरवणूक निघे तेव्हा हिंदुस्थानातून आणलेली पालखी गावातून फिरे. तिचे भोई म्हणून गावातल्या काळ्या लोकांना हिंदुस्थानी कपडे घालून जुंपलेले असे. 1804 सालचे हे वर्णन विल्यम बेंटली या पाद्रीच्या रोजनिशीत आहे. याच बेंटलीने 1790 साली मद्रासहून आलेला एक माणूस पाहिला आणि पहिल्यांदाच हिंदुस्थानी माणूस पाहिल्याचा आनंद लिहून ठेवला. त्याचे लांब केस, सौम्य चेहरा, उंच बांधा. त्या माणसाने सेलमबद्दल काय लिहिले असते, ते वाचायला मला फार आवडले असते.

या संग्रहालयाकडे नसरवानजी माणेकजी वाडिया यांचे तैलचित्र आहे. पारशी पगडी, पांढरा डगला, अंगावर शाल. हुबेहूब मुंबईचे शेठजी. अमेरिकन जहाजांचे मुंबईतले काम हे नसरवानजी पाहत; कापूस मिळवून देणे, भाव ठरवणे, कप्तानांना उतरायला घर देणे. चित्र काढले कॅन्टनच्या चिनी चित्रकाराने, आणि सेलमला ते पोचले 1803 साली. मुंबईचा माणूस, चिनी कुंचला, अमेरिकन भिंत! पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांची चित्रेही आता याच संग्रहात आहेत. दोनशे वर्षांच्या अंतराने का होईना, नसरवानजींना गाववाला मिळाला.

पण मुंबईशी खरा धागा जुळला तो याच गावातल्या टॅबरनॅकल चर्चमधून. तिथे 6 फेब्रुवारी 1812 रोजी पाच तरुणांना परदेशात धर्मप्रसारासाठी दीक्षा दिली गेली. दोघे बायकांसह सेलमच्याच ‘कॅराव्हॅन’ या व्यापारी जहाजातून कलकत्त्याला निघाले, बाकीचे फिलाडेल्फियाहून. त्यांतली हॅरिएट न्यूएल अठरा वर्षांची. कंपनी सरकारने या मंडळींना कलकत्त्यात टिकू दिले नाही. समुद्रातच हॅरिएटला मुलगी झाली आणि पाचव्या दिवशी गेली. नोव्हेंबरात मॉरिशसला हॅरिएटही गेली. तिचा नवरा सॅम्युएल पुढे मुंबईला आला आणि 1821 साली पटकीने वारला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे 1813च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले. हद्दपारीचा हुकूम डोक्यावर असताना त्यांनी मराठी शिकायला घेतली. हॉलही 1826 साली नाशिक भागातल्या दौऱ्यावर पटकीनेच गेला.

त्यांच्या धर्मप्रसाराला यश बेताचेच आले. पण पुस्तके छापण्यासाठी त्यांनी छापखाना आणला, आणि त्याने मात्र जे करायचे ते केले. या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात मराठीचे सुबक टाइप पाडणारा टॉमस ग्रॅहॅम होता. तिथे काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी स्वतःचा शिळाप्रेस काढला आणि 1831 साली पंचांग छापले. पुढे तिथेच जावजी दादाजी नावाचा गरीब घरचा पोर कामाला लागला. त्याने टाइपांची फाउंड्री काढली आणि मग निर्णयसागर छापखाना. आपल्या आजोबांच्या देवघरातल्या पोथ्यांवर ज्याचे नाव असे, तोच. प्युरिटनांच्या नातवंडांनी बायबलासाठी आणलेली विद्या, आणि तिच्यातून निघाले घरोघरचे पंचांग!

सेलमचे वैभव फार टिकले नाही. जेफरसनने 1807 साली परदेशी व्यापारावर बंदी घातली; 1812ला इंग्लंडशी युद्ध झाले. जहाजे मोठी होत गेली आणि हे बंदर उथळ. माल बोस्टन-न्यूयॉर्ककडे वळला. 1819 साली धक्क्यासमोर मोठ्या दिमाखाने कस्टम हाउस बांधले, पुढे छपरावर सोनेरी गरुड बसवला, आणि तपासायला गलबते उरली नाहीत. हॉथॉर्न 1846 ते 1849 याच कचेरीत सर्व्हेअर होता. बाकीचे म्हातारे कारकून भिंतीला खुर्च्या टेकून डुलक्या घेत आणि जुन्या सफरींच्या त्याच त्याच गोष्टी सांगत. सरकार बदलले, नोकरी गेली. घरी बसून त्याने ‘द स्कार्लेट लेटर’ लिहिली. समाजाने छातीवर कलंकाचे अक्षर लावायला लावलेल्या एका बाईची ती कादंबरी.

न्यायाधीश हॅथॉर्न गावातल्या जुन्या दफनभूमीत आहे. तिला लागूनच 1992 साली बळींचे स्मारक केले. आत शिरताना पायाखाली दगडी उंबरा लागतो. त्यात आरोपींचे कोर्टातले बोल कोरले आहेत, मी निर्दोष आहे, देव जाणतो, असे. आणि प्रत्येक वाक्य अर्ध्यावर भिंतीच्या दगडाखाली जाते. भिंतीतून बाहेर आलेल्या प्रत्येक दगडी आसनावर एक नाव आहे. रिबेका नर्सच्या आसनावर कोणी तरी पिवळी शेवंती ठेवली होती, ताजी. पलीकडे निमुळत्या टोपीतली एक मुलगी खाली वाकून उंबऱ्यावरची अक्षरे बोटाने लावत होती, आणि वाक्याचा पुढचा भाग कुठे गेला, असे आईला विचारत होती.